मागचा पाय टेकेना, तर…

पुण्यातल्या फ्लॅटमध्ये गुळगुळीत फरशीवरून लॅब्रॅडॉर घसरतो आणि दुसऱ्या दिवशी तीन पायांवर चालतो. मुका मार समजून घरचे थांबतात. पण लंगडणं चार-दोन दिवसांत गेलं नाही, तर गुडघ्यातला लिगामेंट फाटलेला असू शकतो. डॉक्टर मांडीचं हाड धरून नडगी पुढे ढकलून पाहतात. ती सरकली, की निदान जवळपास पक्कं. एक्स-रेत लिगामेंट दिसत नाही, सांध्यातली सूज आणि झीज दिसते. मोठ्या कुत्र्यांत नडगीचा वरचा भाग कापून, फिरवून प्लेट बसवतात.

पॉमेरेनियन चालता चालता मध्येच लंगडी घालत असेल, तर गुडघ्याची वाटी सरकत असावी. जर्मन शेफर्डचं पिल्लू सशासारखं दोन्ही पायांनी उड्या मारत पळत असेल, तर खुबा तपासावा. गॅलरीतून पडलेल्या मांजराचं मांडीचं किंवा कमरेचं हाड मोडलेलं असू शकतं. मात्र मांजराचे मागचे पाय एकाएकी लुळे आणि थंड पडले, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. तासभरही थांबू नये.

उशिराची किंमत रतन टाटांनी अनुभवली. सांध्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्यांनी आपला कुत्रा अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात नेला. तोवर उशीर झाल्यानं सांधा एकाच स्थितीत कायमचा जखडावा लागला. पुढे २०२४ मध्ये मुंबईत महालक्ष्मीला टाटांचं प्राण्यांचं रुग्णालय सुरू झालं.

घरातली वेदनाशामक गोळी मात्र देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विषच आहे.