दोघांच्या मधली जागा

बॅडमिंटनच्या दुहेरीत सर्वांत अवघड असते ती दोन खेळाडूंच्या मधली जागा. शटल नेमके तिथे आले की दोघांनाही वाटते, हे जोडीदार घेईल. कधी दोघे एकदम धावतात आणि रॅकेटवर रॅकेट आदळते. गुण प्रतिस्पर्ध्याला मिळतो आणि मग एक नजर जोडीदाराकडे जाते. त्या नजरेत काय असते, यावर जोडी टिकते किंवा मोडते.

इंडोनेशियाचे मोहम्मद अहसान यांची कारकीर्द या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. सुमात्रा बेटावरील पालेम्बांग शहरात ७ सप्टेंबर १९८७ रोजी त्यांचा जन्म झाला. जगात सर्वाधिक मुसलमान ज्या देशात राहतात, तिथे बॅडमिंटनला आपल्याकडच्या क्रिकेटसारखे प्रेम मिळते. सुरुवातीला त्यांचे जोडीदार होते बोना सेप्तानो. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये या दोघांनी उपांत्यपूर्व फेरी गाठली. त्याच वर्षी अहसान यांची जोडी हेंद्रा सेतियावान यांच्याशी जमवण्यात आली. हेंद्रा तीन वर्षांनी मोठे, चिनी वंशाचे आणि धर्माने ख्रिस्ती. बोना यांचे बंधू मार्किस किडो यांच्यासोबत त्यांनी २००८ मध्ये ऑलिंपिक सुवर्णपदक मिळवलेले होते.

दोघांचे स्वभाव आणि खेळ वेगळे. अहसान मागून उसळून जोरदार स्मॅश मारणारे, तर हेंद्रा जाळीपाशी शांत उभे राहून पुढचा फटका आधीच ओळखणारे. हल्ल्याच्या वेळी एक पुढे, एक मागे. बचावाच्या वेळी दोघे शेजारी शेजारी. हा बदल क्षणार्धात आणि न बोलता व्हावा लागतो. या जोडीने २०१३ मध्ये ग्वांगझू येथे जागतिक विजेतेपद मिळवले, २०१४ मध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा आणि आशियाई क्रीडा स्पर्धेचे सुवर्ण जिंकले, आणि २०१५ मध्ये जकार्तात, घरच्या प्रेक्षकांसमोर, पुन्हा जागतिक विजेतेपद पटकावले.

मग आले २०१६ चे रिओ ऑलिंपिक. पदकाची खात्री वाटणारी ही जोडी गटसाखळीतच बाद झाली. त्यानंतर दोघे वेगळे झाले. अहसान यांनी तरुण जोडीदार रियान आगुंग सापुत्रो यांच्यासोबत २०१७ च्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. हेंद्रा मलेशियाच्या तान बून हेओंग यांच्याबरोबर खेळू लागले. एखाद्याने मनात आणले असते तर अपयशाचा दोष दुसऱ्यावर टाकून मोकळे होता आले असते. पण २०१८ मध्ये दोघे पुन्हा एकत्र आले. तोपर्यंत दोघेही मुलाबाळांचे बाप झाले होते, म्हणून बॅडमिंटनप्रेमींनी त्यांना प्रेमाने ‘डॅडीज’ हे नाव दिले.

२०१९ हे वर्ष त्यांच्या सब्रचे फळ ठरले. ऑल इंग्लंडमध्ये हेंद्रा यांची पोटरी दुखावलेली होती. अंतिम सामन्यात मलेशियाच्या तरुण जोडीने पहिला गेम २१-११ असा घेतला. हेंद्रा फार धावू शकत नव्हते, म्हणून मागचे बरेचसे कोर्ट अहसान यांनी अंगावर घेतले. पुढचे दोन्ही गेम आणि विजेतेपद या जोडीने जिंकले. त्याच वर्षी २५ ऑगस्टला बासेल येथे ते तिसऱ्यांदा जागतिक विजेते झाले. तो हेंद्रा यांचा ३५ वा वाढदिवस होता.

चार वर्षांनी, २०२३ च्या ऑल इंग्लंडच्या अंतिम सामन्यात, पाळी उलटली. या वेळी अहसान यांचा गुडघा दुखावला. सामना हातातून गेलेला असतानाही ते लंगडत शेवटपर्यंत खेळले आणि हेंद्रा त्यांच्या वाटचे धावले. कोणी कोणासाठी किती केले, याचा हिशेब अशा जोडीत ठेवला जात नाही.

भारतीय वाचकांना अहसान यांची आणखी एक आठवण असेल. मे २०२२ मध्ये बँकॉकला थॉमस चषकाच्या अंतिम लढतीत ते केविन संजया यांच्यासोबत उतरले होते. समोर होते सात्विकसाईराज रंकीरेड्डी आणि आपल्या मुंबईचा चिराग शेट्टी. पहिला गेम गमावून आणि दुसऱ्यात मॅच पॉइंट वाचवून आपल्या जोडीने तो सामना जिंकला, आणि भारताने प्रथमच हा चषक उंचावला.

दुहेरीत नाव आणि पैसा दोन्ही वाटून घ्यावे लागतात. जागतिक मालिकेच्या स्पर्धेत एकेरीच्या विजेत्याला एकूण बक्षिसाच्या ७ टक्के रक्कम मिळते, तर दुहेरीच्या जोडीला ७.४ टक्के, तीही दोघांत मिळून. म्हणजे दहा लाख डॉलरच्या स्पर्धेत एकेरीवाल्याला ७० हजार आणि दुहेरीतल्या प्रत्येकाला ३७ हजार. सरावाचे तास मात्र अर्धे होत नाहीत.

एवढे करूनही अहसान यांना ऑलिंपिक पदक मिळाले नाही. टोकियोत ही जोडी उपांत्य फेरीत हरली, मग कांस्यपदकाचा सामनाही हरली आणि चौथ्या क्रमांकावर राहिली. तरीही २०२२ मध्ये ते पुन्हा जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत होते. जानेवारी २०२५ मध्ये, ३७ व्या वर्षी, जकार्ताच्या इस्तोरा सेनायान मैदानावर त्यांनी हेंद्रा यांच्यासोबतच खेळाचा निरोप घेतला.

आपल्या घरांतली मुले-मुलीही आता रॅकेट घेऊन क्लबात जाऊ लागली आहेत. सामना हरून मूल घरी आले की आपला पहिला प्रश्न बहुधा असतो, “चूक कोणाची झाली?” आणि मूल जोडीदाराचे नाव सांगते. भाऊ-बहिणीच्या भांडणात आणि नवरा-बायकोच्या संसारातही आपण हाच प्रश्न विचारत असतो. अम्मी-अब्बांनी त्याऐवजी एवढेच विचारून पाहावे, “तुझा जोडीदार थकला होता, तेव्हा तू काय केलेस?” सुरुवातीला मूल गोंधळेल. पुढच्या सामन्यात मात्र ते जोडीदाराकडे वेगळ्या नजरेने पाहील, इन्शाअल्लाह.