चाक जमिनीवर ठेवण्याची विद्या : मोटोक्रॉसचा १९७३ चा हंगाम

मोटारसायकलची शर्यत म्हटली कीं गुळगुळीत रस्ता आणि त्यावरून सुसाट जाणारे स्वार हेंच चित्र बहुतेक श्रोत्यांच्या डोळ्यांपुढें उभें राहत असेल. मोटोक्रॉस नांवाच्या शर्यतीस मात्र रस्ता मुळींच नको असतो. टेकडीचा चढउतार, भुसभुशीत वाळू, चिखल, खांचखळगे आणि उंचवटे हेंच तिचें क्रीडांगण. ह्या खेळाचा उगम इंग्लंडांत झाला. १९२४ सालीं सरे परगण्यांतील कॅम्बर्ली येथें भरलेली शर्यत ही त्याची पहिली पायरी मानतात. पुढें तो फ्रान्स, बेल्जियम, हॉलंड आणि स्वीडन ह्या देशांत रुजला. ५०० सी. सी. च्या इंजिनाकरितां १९५७ पासून आणि २५० सी. सी. करितां १९६२ पासून जागतिक अजिंक्यपद देण्यांत येऊं लागलें.

हें अजिंक्यपद एका दिवसाच्या पराक्रमानें मिळत नाहीं. निरनिराळ्या देशांत एकामागून एक सामने होतात व त्यांस 'ग्रां प्री' असें म्हणतात. १९७३ च्या सुमारास प्रत्येक सामन्यांत दोन शर्यती असत आणि प्रत्येक शर्यत सुमारें ४० मिनिटें व वर दोन फेऱ्या इतकी चाले. पहिल्यास १५ गुण, दुसऱ्यास १२, तिसऱ्यास १०, याप्रमाणें दहाव्या क्रमांकापर्यंत गुण मिळत. म्हणजे एकदां जिंकणाऱ्यापेक्षां वारंवार टिकून राहणाऱ्याचें मोल येथें अधिक. स्वार जसा टिकला पाहिजे, तसें त्याचें यंत्रहि टिकलें पाहिजे.

आतां ह्या यंत्राची खरी अडचण कोणती तें पाहूं. इंजिनाची शक्ति कितीहि असली तरी ती चाकाच्या द्वारें जमिनीस पोंचल्यावांचून गाडी पुढें जात नाहीं. खडबडीत भूमीवर धांवतांना मागील चाक क्षणोक्षणीं उसळतें आणि जोंवर तें हवेंत आहे तोंवर इंजिनाचे सारे श्रम व्यर्थ जातात. शिवाय प्रत्येक हिसका स्वाराच्या मनगटांना आणि कंबरेला सोसावा लागतो. ह्याच कारणास्तव हे स्वार पोटाभोंवतीं रुंद पट्टा आवळून बसत. त्या काळीं मागील चाकाच्या दोहों बाजूंस एकेक असे दोन शॉक-अॅब्सॉर्बर जवळजवळ उभे बसविलेले असत. ते आंखूड असल्यानें चाकास वरखालीं होण्यास जेमतेम चार इंच वाव मिळे. त्यांतील थोडेंसें तेल घर्षणानें तापे, हवेंत मिसळून फेसाळे, आणि शर्यतीच्या उत्तरार्धांत, स्वार थकून गेला असतां, नेमका त्याच वेळीं शॉकहि निकामी होई.

ह्या अडचणीवर गाडी हलकी करणें हा एक उपाय होता. जपानच्या सुझुकी कंपनीनें तो इतक्या थरास नेला कीं, आंतरराष्ट्रीय मोटारसायकल संघटनेनें १९७३ पासून किमान वजन ठरवून दिलें. ५०० सी. सी. च्या गाडीस ९५ किलोग्रॅम आणि २५० सी. सी. च्या गाडीस ८८ किलोग्रॅम ही ती मर्यादा. सुझुकीला आपल्या गाड्यांचें वजन वाढवावें लागलें.

दुसरा उपाय बेल्जियमच्या ल्यूसियाँ टिल्केन्स यांनीं सुचविला. त्यांनीं मागील चिमट्याचा आकार त्रिकोणी केला, दोन शॉक काढून टाकले आणि त्यांच्या जागीं एकच लांब शॉक पेट्रोलच्या टाकीखालीं आडवा निजविला. त्याचें एक टोंक चिमट्याच्या वरच्या कोनास व दुसरें हँडलच्या मानेजवळ जोडलेलें. यामुळें चाकाला पुष्कळ अधिक हालचाल करतां येऊं लागली. शॉकमध्यें तेल अधिक राहिलें, आणि दाबाखालील नायट्रोजन वायु तेलापासून अलग ठेवल्यामुळें फेसाची बाधा टळली. एकच शॉक वापरण्याची कल्पना तशी अगदींच नवी नव्हती. इंग्लंडच्या व्हिन्सेंट कंपनीनें १९२८ पासून तशा त्रिकोणी चिमट्याच्या गाड्या बनविल्या होत्या. पण मोटोक्रॉसच्या रणांगणावर तिचें सामर्थ्य ओळखलें तें टिल्केन्स यांनीं.

बेल्जियमचाच नामांकित स्वार रॉजर डी कॉस्टर यानें ही गाडी चालवून पाहिली आणि ती कल्पना आपल्या सुझुकी कंपनीपुढें ठेवली. सुझुकीनें ती स्वीकारली नाहीं. यामाहानें मात्र तिचे हक्क घेतले. पूर्वीं चार वेळां २५० सी. सी. चें अजिंक्यपद मिळविलेला स्वीडनचा टॉर्स्टेन हॉलमन त्या वेळीं यामाहाला गाड्या सुधारण्याच्या कामीं साहाय्य करीत होता.

१९७३ च्या हंगामानें ह्या निवडीचा निकाल दिला. १९६८ पासून सलग पांच वर्षें २५० सी. सी. चें पद बेल्जियमच्या जोएल रोबेर याच्या हातीं होतें. तें आतां स्वीडनच्या हाकान अँडरसन यानें एका शॉकच्या यामाहावर मिळविलें. मोटोक्रॉसमध्यें यामाहाचें हें पहिलेंच जागतिक पद. दुसरीकडे ५०० सी. सी. त डी कॉस्टर यानें दोन शॉकच्या सुझुकीवर आपलें पद राखलें खरें, पण जर्मनीच्या विली बावर याच्यापेक्षां अवघ्या दोन गुणांनीं. कुशल स्वार मागासलेल्या यंत्रावरहि जिंकूं शकतो, परंतु त्याची किंमत त्यालाच आपल्या शरीरानें चुकवावी लागते, हा धडा त्या दोन गुणांत सामावलेला आहे.

पुढल्या वर्षीं इतर कारखान्यांनीं आपले दोन शॉक पुढें सरकविले, तिरपे केले, आणि चाकास अधिक वाव देण्याची चढाओढ सुरू झाली. १९८० नंतर थोड्याच वर्षांत एक शॉक हीच सर्वत्र रीत झाली. ह्या सुधारणेची दुसरी बाजूहि विसरतां कामा नये. चाकें अधिक सोसूं लागलीं तसे स्वार अधिक वेगानें जाऊं लागले आणि उड्या अधिक उंच झाल्या. धोका नाहींसा झाला नाहीं, त्याचें स्वरूप मात्र बदललें.

आज पुण्यामुंबईच्या रस्त्यांवरील कित्येक मोटारसायकलींच्या मागील चाकास एकच शॉक असतो. पावसाळ्यानें उखडलेल्या रस्त्यावरून कचेरीस जाणाऱ्या गृहस्थाच्या पाठीस जो आराम मिळतो, त्याचा एक धागा १९७३ च्या त्या चिखलापर्यंत पोंचतो. खेळाच्या मैदानावर गुणांसाठीं सुटलेलें कोडें असें कधीं कधीं नित्याच्या संसाराच्या उपयोगीं पडतें.