घरातील संगणकांमधील फाइलींची देवाणघेवाण : अडचणी आणि त्यांचे निवारण

एकाच घरात दोन किंवा तीन संगणक असणे ही आता अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. टेबलावरचा जुना संगणक, महाविद्यालयात जाणाऱ्या मुलीचा लॅपटॉप आणि नोकरीच्या निमित्ताने आलेले तिसरे यंत्र अशी मांडणी अनेक घरांत दिसते. ही सर्व यंत्रे एकाच राउटरशी जोडलेली असतात. तरीही एका यंत्रावरील कागद दुसऱ्यावर न्यावयाचा झाला, की पेन ड्राइव्हची शोधाशोध सुरू होते, किंवा दहा पावलांवरच्या संगणकाकडे तो पोहोचावा म्हणून स्वतःच स्वतःला ई-मेल पाठविला जातो.

वस्तुतः अशा देवाणघेवाणीची सोय संगणकांत मुळातच असते. मात्र ती प्रथम प्रयत्नात क्वचितच साधते. दुसरा संगणक दिसत नाही. दिसला तर उघडत नाही. उघडला तर त्यात काही साठविता येत नाही. अशा वेळी कंटाळलेला मनुष्य दिसेल ते बटण दाबू लागतो, संरक्षणाच्या सर्व सोयी बंद करतो आणि काम झाले की त्या पुन्हा सुरू करण्यास विसरतो. खरा धोका तेथेच आहे. त्या फोल्डरांमध्ये जमिनीचा एक-चौदाचा उतारा असतो, शाळेचे दाखले असतात, दिवंगत आजोबांची छायाचित्रे असतात. गोव्यात तर अनेक कुटुंबे घरातील एखादी खोली पर्यटकांना देतात आणि वाय-फायचा परवलीचा शब्दही पाहुण्यांच्या हाती देतात. म्हणूनच अडचण कोठे आहे हे क्रमाने शोधणे आणि तेवढीच दुरुस्त करणे, हाच शहाणपणाचा मार्ग होय.

व्यवस्थेचे स्वरूप

विंडोज पद्धतीचे संगणक फाइलींची देवाणघेवाण ज्या संकेतांनुसार करतात, त्यांस 'एसएमबी' म्हणतात. त्यांचा पाया आयबीएम या कंपनीत १९८० च्या दशकाच्या आरंभी घातला गेला व पुढे मायक्रोसॉफ्टने त्यांचा विस्तार केला. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियातील अँड्र्यू ट्रिजेल यांनी 'सांबा' ही आज्ञावली विकसित केली. त्यामुळे लिनक्स व तत्सम पद्धतींच्या यंत्रांनाही हीच भाषा अवगत झाली. अ‍ॅपलच्या मॅक संगणकांनाही ती येते. तात्पर्य, यंत्रे भिन्न बनावटीची आहेत एवढ्यावरून देवाणघेवाण अशक्य ठरत नाही.

या व्यवहाराचे चार टप्पे आहेत. दुसऱ्या यंत्रापर्यंत रस्ता असला पाहिजे, त्याचे दार उघडले पाहिजे, येणाऱ्याची ओळख पटली पाहिजे आणि आतील वस्तूंना हात लावण्याचा अधिकार त्यास असला पाहिजे. प्रत्येक टप्प्यावरील अडथळा वेगळा आणि त्याची खूणही वेगळी. 'नेटवर्क पाथ सापडत नाही' असा संदेश आला तर दोष पहिल्या दोन टप्प्यांत शोधावा. नाव किंवा परवलीचा शब्द चुकीचा असल्याचा संदेश तिसऱ्या टप्प्याकडे बोट दाखवितो, आणि प्रवेश नाकारल्याचा संदेश बहुधा चौथ्याकडे. संदेश न वाचता खिडकी बंद करण्याची सवय सोडली, तरी निम्मे काम होते.

पहिला टप्पा : रस्ता

दोन्ही यंत्रे खरोखर एकाच नेटवर्कवर आहेत काय, हे आधी पाहावे. एक घरच्या वाय-फायवर आणि दुसरे मोबाइलच्या हॉटस्पॉटवर असेल, तर पुढील सर्व खटाटोप व्यर्थ आहे. काही राउटरांवर पाहुण्यांसाठी स्वतंत्र वाय-फाय असते. त्यावरील यंत्रांना घरातील इतर यंत्रे दिसू नयेत, अशीच त्याची योजना असते.

प्रत्येक यंत्राला राउटर एक अंकांचा पत्ता देतो. 'आयपीकॉन्फिग' ही आज्ञा दिली असता तो पडद्यावर दिसतो. घरगुती नेटवर्कवर हा पत्ता बहुधा १९२.१६८ या अंकांनी सुरू होतो. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर त्या यंत्राला राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही असे समजावे आणि तारेची जोडणी, वाय-फाय व राउटर यांची तपासणी करावी. दोन्ही यंत्रांच्या पत्त्यांतील पहिले तीन गट सामान्यतः सारखे असतात. ते भिन्न असल्यास घरात दोन राउटर एकामागे एक जोडलेले असून दोघेही स्वतंत्रपणे पत्ते वाटत आहेत, असा संभव असतो.

यानंतर 'पिंग' या आज्ञेने दुसरे यंत्र उत्तर देते काय ते पाहता येते. उत्तर आले तर रस्ता मोकळा आहे. उत्तर न आल्यास मात्र रस्ता बंदच आहे असे अनुमान काढू नये; संरक्षक भिंत अशा हाकेला उत्तर देण्यास मनाई करू शकते. तसेच निद्रावस्थेत गेलेला संगणक हाकेला ओ देत नाही. सकाळी चालणारी व्यवस्था दुपारी बंद पडते, याचे कारण पुष्कळदा एवढेच असते.

दिसणे आणि पोहोचणे

येथे एक भेद लक्षात घेणे अगत्याचे आहे. 'नेटवर्क' या खिडकीत दुसऱ्या संगणकाचे नाव दिसणे ही एक गोष्ट आणि त्याच्यापर्यंत पोहोचता येणे ही दुसरी. नावांची यादी तयार करण्याचे काम वेगळ्या सेवा करतात. त्यांपैकी 'फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन' ही सेवा बंद असेल, तर तो संगणक यादीत दिसणार नाही. पण त्याच्यावरील फाइली उघडता येतील. म्हणून नाव दिसत नसल्यास फाइल एक्सप्लोररच्या वरच्या पट्टीत दोन उलट्या तिरक्या रेघा देऊन त्यापुढे दुसऱ्या यंत्राचा अंकांचा पत्ता लिहावा. फोल्डर उघडले, तर मूळ व्यवस्था निर्दोष आहे आणि दोष केवळ यादीत आहे. ज्यांना एवढ्यावर भागवावयाचे असेल, त्यांनी तो मार्ग कायम जोडून ठेवावा. तथापि राउटर पत्ते बदलू शकतो, यास्तव फाइली देणाऱ्या यंत्रासाठी राउटरवर एक पत्ता राखून ठेवणे सोयीचे असते.

दुसरा टप्पा : दार

विंडोज प्रत्येक नेटवर्कला 'पब्लिक' किंवा 'प्रायव्हेट' असा दर्जा देते. विमानतळ, उपाहारगृह अशा ठिकाणी पहिला दर्जा योग्य. तेथे संगणकाने स्वतःस लपविणेच इष्ट. नवीन नेटवर्कलाही बहुधा हाच दर्जा मिळतो, आणि मग घरातही संगणक परक्या ठिकाणी असल्याप्रमाणे दार लावून बसतो. फाइली देणाऱ्या यंत्रावर घरच्या नेटवर्कचा दर्जा 'प्रायव्हेट' करून 'नेटवर्क डिस्कव्हरी' आणि 'फाइल अँड प्रिंटर शेअरिंग' या दोन सोयी सुरू केल्या, की असंख्य तक्रारी येथेच संपतात.

संरक्षक भिंत, म्हणजे फायरवॉल, पूर्णपणे बंद करण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. तो मानू नये. उपरोक्त सोयी सुरू करताच विंडोजची भिंत आवश्यक तेवढी वाट आपोआप मोकळी करते. बाहेरून घेतलेली विषाणूरोधक आज्ञावली स्वतःची भिंत उभारीत असेल, तर तिच्यातही घरच्या नेटवर्कला विश्वासार्ह म्हणून नोंदवावे लागते. या व्यवहारासाठी ४४५ क्रमांकाचे द्वार वापरले जाते. ते घराच्या आत उघडे असावे. राउटरवरून बाहेरच्या महाजालाकडे मात्र ते कदापि उघडू नये.

तिसरा टप्पा : ओळख

येथे सर्वाधिक घोटाळा होतो. संगणक सुरू करताना चार अंकी 'पिन' देण्याची सवय अनेकांना असते. नेटवर्कवरून ओळख विचारली गेली, की तोच पिन दिला जातो व तो नाकारला जातो. पिन हा त्या एका यंत्रापुरताच असतो. नेटवर्कवर त्या यंत्रावरील खात्याचे नाव व खरा परवलीचा शब्द द्यावा लागतो. खाते मायक्रोसॉफ्टचे असेल, तर नाव म्हणून संपूर्ण ई-मेल पत्ता लिहावा.

ज्या खात्याला परवलीचा शब्दच नाही, त्या खात्याने नेटवर्कवरून प्रवेश देण्यास विंडोज सामान्यतः नकार देते. यावर 'परवलीच्या शब्दाचे संरक्षण' बंद करणे हा उपाय सुचविला जातो. पण त्यापेक्षा फाइली देणाऱ्या यंत्रावर केवळ याच कामासाठी एक साधे स्थानिक खाते उघडणे आणि त्यास चांगला परवलीचा शब्द देणे अधिक श्रेयस्कर होय. पूर्वी चुकीचा शब्द साठविला गेला असेल, तर 'क्रेडेन्शियल मॅनेजर'मधून तो काढून टाकावा. अन्यथा संगणक तोच चुकीचा शब्द पुनःपुन्हा पुढे करीत राहतो.

चौथा टप्पा : अधिकार

फोल्डर उघडते पण त्यात काही साठविता येत नाही, या तक्रारीचे मूळ येथे असते. फोल्डरवर दोन प्रकारच्या परवानग्या असतात. एक नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी, ती 'शेअरिंग' या पृष्ठावर आढळते. दुसरी खुद्द डिस्कवरील फाइलींची, ती 'सिक्युरिटी' या पृष्ठावर असते. दोन्हींपैकी जी अधिक कडक असेल, तीच अंमलात येते. एकीकडे सर्व अधिकार दिले आणि दुसरीकडे केवळ वाचण्याची मुभा ठेवली, तर वाचताच येईल. यास्तव दोन्ही पृष्ठे पाहावीत आणि 'एव्हरीवन', म्हणजे सर्वांना, असे अधिकार देण्याऐवजी वर सांगितलेल्या खात्यालाच ते द्यावेत. संपूर्ण डिस्क खुली करण्याचे कारण नाही. देवाणघेवाणीसाठी एक स्वतंत्र फोल्डर पुरेसे असते.

जुनी यंत्रे, नवे नियम

सर्व काही यथास्थित असूनही जुनी नेटवर्क डिस्क किंवा कागद स्कॅन करून फोल्डरात टाकणारे जुने यंत्र जोडले जात नसेल, तर कारण कालमानात शोधावे. अशी काही यंत्रे एसएमबीची पहिली आवृत्तीच जाणतात. ही आवृत्ती सदोष असल्याने २०१७ च्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या स्थापनेत ती सामान्यतः समाविष्ट केली जात नाही. १२ मे २०१७ रोजी 'वॉनाक्राय' नामक खंडणीखोर आज्ञावलीने याच आवृत्तीच्या हाताळणीतील उणिवेचा लाभ घेतला. वापरणाऱ्याने काहीही न उघडता ती एका यंत्रावरून दुसऱ्यावर पसरत गेली, फाइली कुलूपबंद करून पैसे मागू लागली आणि दीडशेहून अधिक देशांतील संगणक तिच्या तडाख्यात सापडले. ब्रिटनमधील रुग्णालयांचे कामकाजही विस्कळीत झाले. त्या उणिवेवरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती. ज्यांनी ती वेळीच बसविली नाही, त्यांना किंमत मोजावी लागली. जुन्या यंत्रासाठी पहिली आवृत्ती पुन्हा सुरू करू नये, असे सांगितले जाते ते याच अनुभवामुळे. त्या यंत्राची आज्ञावली अद्ययावत होऊ शकते काय ते पाहावे. न झाल्यास त्याची सेवानिवृत्ती स्वीकारावी.

२०२४ साली आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीत प्रो प्रकारासाठी नियम आणखी कडक झाले. आता दोन यंत्रांमधील संदेशांवर सांकेतिक स्वाक्षरी असणे आवश्यक ठरते आणि नाव न सांगता पाहुणा म्हणून प्रवेश करणे मूलतः बंद आहे. कालपर्यंत उघडणारी डिस्क अद्ययावतीकरणानंतर अचानक बंद झाली, तर त्या डिस्कवर खाते व परवलीचा शब्द निर्माण केल्याने बहुधा मार्ग निघतो. जुन्या मार्गदर्शक लेखांत 'होमग्रुप' या सोयीचा उल्लेख आढळतो. ती २००९ साली विंडोज ७ बरोबर आली आणि २०१८ साली विंडोज १० मधून काढून टाकण्यात आली. तिचा शोध घेण्यात वेळ दवडू नये.

दोन इशारे

खोल्या भाड्याने देणाऱ्या कुटुंबांनी राउटरवरील पाहुण्यांचे वाय-फाय सुरू करून तेच पर्यटकांना द्यावे आणि घरच्या नेटवर्कचा परवलीचा शब्द घरापुरताच ठेवावा. एवढ्या एका व्यवस्थेने परक्या यंत्रांपासून घरच्या फोल्डरांना पुष्कळ संरक्षण मिळते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. दुसऱ्या संगणकावरून दिसणारी फाइल म्हणजे तिची दुसरी प्रत नव्हे. फाइल एकच असते; ती दोन ठिकाणांहून दिसते इतकेच. नेटवर्कवरून ती पुसली, तर सर्वसाधारणपणे 'रिसायकल बिन'मध्ये जात नाही, सरळ नाहीशी होते. म्हणून ज्या कागदांचे व छायाचित्रांचे मोल पैशांत होत नाही, त्यांची एक प्रत वेगळ्या डिस्कवर घेऊन ती डिस्क संगणकापासून अलग ठेवावी. घरातील संगणक एकमेकांशी जोडले जाणे ही सोय आहे. घराचा ठेवा सुरक्षित राहणे ही गरज आहे. सोयीच्या मागे धावताना गरजेचा विसर पडू नये, एवढी दक्षता प्रत्येक कुटुंबास घेता येण्यासारखी आहे.