मेट्रोच्या खांबाखालचा रस्ता

गेल्या महिन्यात आईला बोरिवलीला मेट्रोने घेऊन गेलो. गाडी गार, स्वच्छ, बसायला जागा. लिफ्टने खाली उतरलो, तर समोर फूटभर उंच फुटपाथ, पुढे उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि मधोमध विजेची पेटी. गुडघ्यांनी बेजार झालेली आई माझा दंड धरून रस्त्यावर उतरली आणि रिक्षांच्या रांगेतून आम्ही वाट काढली. दहिसरपासूनच्या सगळ्या प्रवासापेक्षा ती दोनशे पावलं तिला जड गेली. तेव्हापासून मेट्रोचा विषय निघाला की कानावर येणारे काही समज खोडून काढल्याशिवाय मला राहवत नाही.

‘आपल्याकडे ट्राम होती, ती घालवली,’ असं अंधेरी-मुलुंडचे लोकही हळहळून म्हणतात. ट्राम होती ती जुन्या मुंबईत. ९ मे १८७४ रोजी घोड्यांची ट्राम सुरू झाली, १९०७ मध्ये विजेची आली आणि ३१ मार्च १९६४ च्या रात्री शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला गेली. उपनगरं महापालिकेत आली ती १९५० आणि १९५७ मध्ये. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंडच्या रस्त्यांवर ट्रामचे रूळ कधी पडलेच नाहीत.

त्याला जोडून दुसरा समज: ट्राम जुनाट होती म्हणून गेली. खरी अडचण जागेची होती. ट्राम आणि मोटारी एकाच रस्त्यावर. मोटारी वाढल्या, ट्राम त्यांच्यात अडकली, आणि मग ट्रामच रस्ता अडवते असा निकाल लागला. फ्रान्समधल्या शहरांनीही त्याच सुमारास ट्राम मोडीत काढली होती. पण नांतने १९८५ मध्ये आणि स्ट्रासबूर्गने १९९४ मध्ये ती नव्याने आणली, आणि या वेळी रुळांना स्वतंत्र जागा दिली. स्ट्रासबूर्गने तर क्लेबेर हा मुख्य चौक मोटारींना बंद केला. ट्रामच्या निमित्ताने या शहरांत एका बाजूच्या इमारतीपासून समोरच्या इमारतीपर्यंतचा रस्ता नवा झाला. फुटपाथ, झाडं, दिवे, सायकलींची वाट, सगळं त्याच कामात. आपण शिकायचं ते हे.

‘मग उपनगरांत मेट्रोऐवजी ट्रामच का नाही केली?’ कारण इथली गर्दी. वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर ही ११.४ किलोमीटरची मेट्रो ८ जून २०१४ ला सुरू झाली आणि आज कामाच्या दिवशी चार लाखांहून जास्त लोक तिने जातात. इतका भार सिग्नलवर थांबत जाणाऱ्या ट्रामला पेलणं कठीण. उंचावरची मेट्रो हा निर्णय मला बरोबरच वाटतो. माझं भांडण आहे ते खालच्या जमिनीसाठी.

‘परदेशात रूळ टाकले की झालं, खोदाखोद फक्त आपल्याकडे,’ हेही चूक. नव्या रुळांखाली जलवाहिनी फुटली तर दर वेळी ट्राम बंद ठेवून खणता येत नाही, म्हणून पाणी, मलनिस्सारण, गॅस, वीज, सगळं आधी बाजूला हलवावं लागतं. एडिंबरो शहर नेमकं इथेच फसलं. २०११ मध्ये धावायची ट्राम ३१ मे २०१४ ला धावली आणि खर्च ७७.६ कोटी पौंडांवर गेला. आपल्याकडेही जमिनीखाली काय आहे हे न कळल्याची किंमत अंधेरीकरांनी मोजली आहे. ३० नोव्हेंबर २०२३ ला सीप्झजवळ मेट्रोच्या कामात १,८०० मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली आणि अंधेरीपासून घाटकोपरपर्यंतच्या कित्येक घरांचे नळ कोरडे पडले. म्हणून खांबाआधी चर खणून वाहिन्या शोधणारे कामगार दिसले की ‘काम रखडवतात’ म्हणू नका. ते खणणं हेच काम आहे.

सगळ्यात घट्ट बसलेला समज मात्र असा की फुटपाथ रुंद केला की वाहतूक अडते. मुंबईतल्या निम्म्याच्या आसपास फेऱ्या निव्वळ पायी होतात. चालणारा माणूस हीच इथली मोठी वाहतूक आहे. अमेरिकेतल्या शहरांच्या वाहतूक अधिकाऱ्यांच्या संघटनेचा हिशेब पाहा: तीन मीटर रुंदीच्या पट्ट्यातून मोटारींनी तासाला ६०० ते १,६०० माणसं जातात. तेवढ्याच रुंदीच्या फुटपाथवरून जवळपास ९,०००. आपल्या इंडियन रोड्स काँग्रेसचा नियमही स्पष्ट आहे. किमान १.८ मीटर मोकळी वाट हवी आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरपेक्षा, म्हणजे सहा इंचांपेक्षा जास्त नको. आईच्या वाटेतला तो फुटपाथ याच्या दुप्पट उंच होता. नियमाबरहुकूम बांधला असता तर ती रिक्षांमध्ये उतरलीच नसती.

स्कायवॉक हे अशा फुटपाथला उत्तर नाही. दोन मजले चढून पुन्हा उतरायचं असेल तर माणूस रस्त्यानेच जातो.

आणि शेवटचा समज: मेट्रो धावली की काम संपलं, खालचा रस्ता हा वेगळा विषय. दहिसर ते अंधेरी या दोन मार्गिका २ एप्रिल २०२२ आणि १९ जानेवारी २०२३ अशा दोन टप्प्यांत सुरू झाल्या, बॅरिकेड निघाली. पण घरातून निघालेला माणूस स्टेशनात धड पोचत नसेल तर तो पुन्हा दुचाकीच काढतो. लालबहादूर शास्त्री मार्गावर घाटकोपर-मुलुंडच्या मेट्रोचं काम २०१८ पासून चालू आहे. तिथला फुटपाथ कसा व्हावा हे सांगायची वेळ बॅरिकेड निघण्याआधीची आहे.

एक गोष्ट मात्र कराच. मेट्रोच्या प्रत्येक खांबावर क्रमांक लिहिलेला असतो. फुटपाथ जिथे अडतो तिथला खांब क्रमांक टिपा, फोटो काढा आणि आपल्या वॉर्डात लेखी तक्रार द्या. घाटकोपर एन, मुलुंड टी, बोरिवली आर-मध्य, अंधेरी के-पूर्व आणि के-पश्चिम. महापालिकेचा फोन क्रमांक १९१६.