श्रोणितलाचे आरोग्य

ओटीपोटाच्या तळाशी, पुढच्या जघनास्थीपासून मागे माकडहाडापर्यंत झोळीसारखा पसरलेला स्नायूंचा थर म्हणजे श्रोणितल होय. स्त्रियांचे मूत्राशय, गर्भाशय व गुदाशय या थरावर पेललेले असतात आणि लघवी व शौच रोखून धरण्यासही तो मदत करतो. हे स्नायू सैल पडल्यास खोकताना, शिंकताना किंवा ओझे उचलताना लघवी निसटते, अथवा गर्भाशय योनिमार्गात खाली उतरते. या दुसऱ्या विकारास बोलीभाषेत 'अंग बाहेर येणे' म्हणतात.

== कारणे ==
योनिमार्गे झालेली प्रसूती हे प्रमुख कारण आहे. रजोनिवृत्ती, जुनाट खोकला, बद्धकोष्ठता व सततची ओझेवाहणी यांनी त्यात भर पडते. अर्धापूरसारख्या केळी-उसाच्या तालुक्यात शेतमजूर स्त्रियांच्या वाट्याला हे शेवटचे कारण विशेष येते. शेतात आडोसा नसल्याने पाणी कमी पिणे व लघवी तुंबवून ठेवणे ही सवयही मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाला वाव देते.

== पिशवी काढण्याचा प्रश्न ==
मराठवाड्यात या विषयाला वेगळे गांभीर्य आहे. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील शासकीय समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सैल पडलेले स्नायू मात्र पिशवी काढल्याने बळकट होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतरही योनीचा वरचा भाग खाली उतरू शकतो. तरुण वयात अंडाशयेही काढली गेल्यास रजोनिवृत्ती अकाली येते व हाडे ठिसूळ होण्याचा धोका वाढतो. अंग बाहेर आल्यावर गर्भाशय काढणे हा एकमेव मार्ग कधीच नव्हता: गोव्यातील शिरोडा येथे जन्मलेले शल्यविशारद विठ्ठल नागेश शिरोडकर (१८९९–१९७१) यांनी गर्भाशय जागेवर ठेवून त्याला पट्टीने आधार देणारी शस्त्रक्रिया रूढ केली होती.

== उपचार ==
पहिला उपचार व्यायामाचा. अमेरिकन वैद्य आर्नोल्ड केगेल यांनी १९४८ मध्ये तो मांडला. वायू रोखताना जे स्नायू आवळले जातात तेच वर ओढून काही सेकंद धरावेत, मग तितकाच वेळ सैल सोडावेत. असे किमान ८ वेळा, दिवसातून ३ वेळा करावे. पोट व मांड्या ताठ करू नयेत, श्वास रोखू नये. चालू लघवी थांबवून सराव करणेही टाळावे. गुण येण्यास साधारण ३ महिने लागतात, आणि अनेक जणी त्याआधीच व्यायाम सोडतात.

वारंवार घाईची लघवी होत असल्यास दोन वेळांमधील अंतर हळूहळू वाढवले जाते. अंग खाली उतरले असल्यास योनीत बसवायची रबरी किंवा सिलिकॉनची कडी शस्त्रक्रियेविना आधार देते. लघवीतून रक्त येणे, लघवी तुंबणे, तापासह जळजळ किंवा पाळी बंद झाल्यावर रक्तस्राव ही लक्षणे दिसल्यास व्यायामावर विसंबून न राहता त्वरित तपासणी करून घ्यावी. अर्धापूर परिसरातील रुग्णांसाठी नांदेडजवळ विष्णुपुरी येथे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.