ट्रामने हलवली वेधशाळा

लोहचुंबक लोखंड, निकेल आणि कोबाल्ट ओढतो. तांब्या-पितळेकडे ढुंकूनही पाहत नाही. त्याचे दोन तुकडे केले तरी ध्रुवांची वाटणी होत नाही. प्रत्येक तुकड्याला उत्तर-दक्षिण दोन्ही ध्रुव असतातच.

पृथ्वीही चुंबकच. तिच्या गाभ्यात वितळलेलं लोखंड सतत फिरत असतं, त्यातून हे चुंबकत्व येतं. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१पासून त्याच्या नोंदी होत. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं. तारेतून वीज वाहिली की भोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, म्हणजे नोंदींचा बट्ट्याबोळ! म्हणून १९०४ साली हे काम थेट अलिबागला हलवलं. तिथली इमारतही चुंबकत्व नसलेल्या दगडाची. ट्राम विजेवर धावली १९०७ मध्ये. शास्त्रज्ञ आधीच सावध झाले होते, हे विशेष.

चुंबकाची गंमत स्वतः पाहायची असेल तर मुलांनी कोकणात गेल्यावर किनाऱ्यावरची कोरडी काळी वाळू शोधावी. चुंबक प्लास्टिकच्या पिशवीत घालून तिच्यावरून फिरवला की मॅग्नेटाइट या लोहखनिजाचे बारीक कण दाढीसारखे उभे राहतात. पिशवीतून चुंबक बाहेर काढला की कण खाली. पिशवी मात्र विसरू नका, नाहीतर चुंबक साफ करता करता नाकी नऊ येतील!