मधुमेहाची औषधे आणि वजनाचा काटा

मधुमेहाची सगळीच औषधे रक्तातली साखर उतरवतात, पण ती साखर जाते कुठे, यावर रुग्णाचे वजन बरेचसे ठरते. ती पेशींत साठली तर वजन वाढते, लघवीवाटे गेली तर थोडे उतरते. भूकच मंदावली, तर सर्वांत जास्त उतरते.

परभणीच्या जिल्हा रुग्णालयापासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत सरकारी उपचारांचा मुख्य भार मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या गोळ्यांवर आहे. मेटफॉर्मिन यकृतातून रक्तात सुटणारी साखर रोखते. वजन तेवढेच राहते किंवा दोन-तीन किलोंनी घटते. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते, त्यामुळे वजन वाढू शकते. उपवासाच्या दिवशी ती घेतली तर साखर एकदम उतरून घाम सुटतो, हातपाय थरथरतात.

इन्सुलिननेही वजन वाढते. मात्र साखर फार वाढल्याने वाळलेला माणूस उपचारांनंतर अंग धरू लागला, तर ती सुधारणा असते. ‘सुईने माणूस फुगतो’ या समजुतीने इन्सुलिन बंद करणे जिवावर बेतू शकते.

डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांमुळे रोज साधारण 60 ते 80 ग्रॅम साखर लघवीतून निघून जाते. वजन दोन-तीन किलो घटते, शिवाय हृदय आणि मूत्रपिंडांचे रक्षण होते. डापाग्लिफ्लोझिनचे पेटंट 2020 मध्ये संपल्यावर ती बरीच स्वस्तही झाली. पण साखरेबरोबर पाणीही जाते. मे महिन्यात परभणीचा पारा 45 अंशांकडे सरकतो. तेव्हा रानात राबणाऱ्याने, रोजा किंवा निर्जळी उपवास धरणाऱ्याने, जुलाब-उलट्या झालेल्याने ही गोळी चालू ठेवावी की थांबवावी, हे डॉक्टरांना आधी विचारलेच पाहिजे.

सध्या गाजावाजा आहे तो सेमाग्लुटाइड आणि टिर्झेपेटाइड या आठवड्याला एकदा घ्यायच्या इंजेक्शनांचा. ती आतड्यातील संप्रेरकांची नक्कल करतात. पोट सावकाश रिकामे होते, भूक कमी लागते. मधुमेह नसलेल्या लठ्ठ व्यक्तींचे वजन सेमाग्लुटाइडने 68 आठवड्यांत सरासरी 15 टक्के घटले. मधुमेहींमध्ये ही घट सुमारे 10 टक्केच होती. औषध थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनापैकी दोन तृतीयांश परत आले. मळमळ, उलट्या हा नेहमीचा त्रास. भारतात टिर्झेपेटाइड मार्च 2025 मध्ये आले, आणि सेमाग्लुटाइडचे पेटंट मार्च 2026 मध्ये संपले.

ही इंजेक्शने चरबीबरोबर स्नायूही घटवतात, आणि आपल्याकडे खरी काळजी तिथेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी 2004 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांची तुलना मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स (उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक) 22.3, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी 9.1 टक्के, तर याज्ञिक यांच्या 21.2 टक्के. भारतीय शरीर सडपातळ दिसले तरी त्यात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. म्हणून शिडशिडीत मधुमेही शेतकऱ्याचे वजन उतरवणे हा उपचार नव्हे. लठ्ठ रुग्णानेही डाळी, अंडी, दूध आणि ताकदीचा व्यायाम सोडू नये.

पोटाचा घेर पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल, तर काटा काहीही सांगो, धोका वाढलेला असतो. औषध ठरवताना हा घेर, मूत्रपिंडाची तपासणी आणि उपवासाची सवय डॉक्टरांपुढे ठेवावी. शेजाऱ्याला लागू पडलेले इंजेक्शन मेडिकलमधून परस्पर आणू नये.